जुनी टोयोटा हायलक्स फोर बाय फोर: बॉनेट नंतर उघडा, आधी गाडीखाली शिरा

जुनी हायलक्स दाखवणारा माणूस सगळ्यात आधी बॉनेट उघडतो. इंजिन एका सेल्फमध्ये लागतं, शिवणयंत्रासारखं टकटकत चालतं, आणि घेणाऱ्याचा जीव तिथंच अडकतो. या गाडीचं इंजिन लागणारच, त्यात कौतुक कसलं? जुना फोर बाय फोर पिकअप हौसेने उभा करायचा असेल तर हायलक्ससारखी गाडी नाही, हे आम्हीही म्हणतो. पण तिचं इंजिन हा तिच्यातला सगळ्यात सोपा भाग आहे. बोअर मारता येतं, हेड घासून घेता येतं, दुसऱ्या गाडीचं काढून बसवता येतं. सडलेल्या चासीवर असा कुठलाही उपाय नाही. म्हणून ही गाडी पाठीवर झोपून विकत घ्यायची असते.

आधी कोणती हायलक्स ते पाहू. १९७९ साली हायलक्समध्ये फोर बाय फोर आली, तेव्हा पुढे अखंड हाऊसिंग (दोन्ही चाकांना जोडणारी एकच लोखंडी नळी, आत एक्सल) आणि पाटे होते. अमेरिकेत १९८६ च्या मॉडेलपासून ते हाऊसिंग गेलं आणि टॉर्शन बारवरचं (पिळून स्प्रिंगचं काम करणाऱ्या दांड्यांवरचं) इंडिपेंडंट सस्पेन्शन आलं, म्हणजे प्रत्येक चाक स्वतंत्र हलणारं. ऑस्ट्रेलियासारख्या काही बाजारांत मात्र अखंड हाऊसिंगची एलएन१०६ १९९७ पर्यंत मिळत होती. मॉडेलच्या नावातला ‘एन’ म्हणजे हायलक्स, आणि त्याच्या आधीचं अक्षर इंजिनाच्या घराण्याचं: ‘आर’ म्हणजे चार सिलिंडर पेट्रोल, ‘एल’ म्हणजे डिझेल, ‘व्हीझेड’ म्हणजे व्ही-सिक्स. मॉडेलच्या प्लेटवर एलएन आणि बॉनेटखाली पेट्रोल दिसलं तर गाडी कुठून कुठून जमवलेली आहे हे लगेच कळतं. अशा गाडीला नाही म्हणायची गरज नाही, फक्त चासीवर ठोकलेला नंबर कागदाशी जुळला पाहिजे. तो सापडत नसेल, किंवा त्या जागी ताज्या काळ्या रंगाचा जाड थर असेल, तर पुढचं काही बघत बसू नका.

आमची पसंती अखंड हाऊसिंगच्या गाडीला. ती रस्त्यावर आपटते आणि वळणावर जड लागते, पण सुट्या भागांची संख्या कमी, आणि जे आहेत ते सगळे घरच्या हत्यारांनी खोलता येतात.

आता चासी. सोबत एक छोटी हातोडी, जाड स्क्रूड्रायव्हर, टॉर्च आणि लोहचुंबक असू द्या. चासी जिथे पेटीसारखी चारी बाजूंनी बंद आहे तिथे ती आतून गंजते. चिखल आणि मीठ भोकांतून आत जातं, बाहेर पडायला वाट नसते, आणि ओल महिनोन्‌महिने तळाशी बसून राहते. बाहेरून रंग शाबूत दिसतो आणि आतला पत्रा निम्मा झालेला असतो. त्यामुळे डोळ्यांवर भरवसा नको, कानांवर ठेवा. चांगली चासी हातोडीखाली खणखणते, सडलेली भदभद वाजते. मागच्या एक्सलच्या वर जिथे चासी कमान घेते तो भाग, मागच्या पाट्यांचे दोन्ही टोकांचे ब्रॅकेट, केबिनच्या मागच्या काठाखालची जागा, डिझेल-पेट्रोलच्या टाकीच्या आतली बाजू आणि आडवे क्रॉस मेंबर, एवढ्या जागा इंच इंच वाजवून घ्या. आवाज बदलला तिथे स्क्रूड्रायव्हर दाबा. आत गेला, तर विषय संपला. वर चिकटवलेली वेल्डिंगची पट्टी दिसली तर तिच्या दोन्ही कडांना वाजवून बघा, कारण सडका पत्रा वेल्ड धरत नाही आणि नवी चीर पट्टीच्या कडेनेच जाते.

अखंड हाऊसिंगच्या गाडीत आणखी एक जागा आहे जी बहुतेकांच्या नजरेतून सुटते: स्टिअरिंग बॉक्स चासीला जिथे बोल्टने धरलेला असतो ती. मोठे टायर घातले की प्रत्येक दगडाचा धक्का त्या चार बोल्टांवर येतो आणि भोकाभोवती केसाएवढी चीर पडते. एकाला स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलवायला सांगा आणि तुम्ही बॉक्सकडे बघा. बॉक्स चासीसकट हलताना दिसला किंवा चिरेतून गंजाची लाल रेघ उतरलेली दिसली, तर तिथे आतून-बाहेरून पट्टी देऊन वेल्डिंग करावं लागेल. हे काम होण्यासारखं आहे. चासीच्या दोषांतला हा एकच आम्ही चालवून घेतो.

पत्र्याबद्दल फार लिहीत नाही. मागचा हौदा अख्खा बदलता येतो, दरवाजेही. केबिनमध्ये तीन जागा बघा: पुढच्या काचेच्या रबराखालची चौकट, छताची पन्हळ आणि पायाखालचा पत्रा. चुंबक जिथे धरत नाही तिथे पुट्टी आहे. काचेखालची चौकट सडली असेल तर पाणी डॅशबोर्डमागून थेट वायरिंगवर येतं, आणि मग जे दिवे-पंख्याचे खेळ सुरू होतात त्यांचं मूळ शोधता शोधता माणूस थकतो.

पुढचं हाऊसिंग हा या गाडीचा जीव, आणि दुर्लक्षही त्याच्याच वाट्याला सगळ्यात जास्त येतं. चाकाच्या मागे जो मोठा चकचकीत गोळा दिसतो तो कोरडा किंवा ग्रीसची पातळ झिलई असलेला हवा. त्यावरून काळपट, पातळ, गिअर ऑइलचा वास येणारा रस्सा टायरच्या आतल्या बाजूला ओघळत असेल तर आतलं एक्सल सील गेलं आहे. डिफरन्शियलचं (हाऊसिंगमधल्या गिअरच्या डब्याचं) ऑइल नकलमध्ये, म्हणजे चाकाबरोबर त्या गोळ्यावर वळणाऱ्या कवचात शिरतं, ग्रीस पातळ करतं, आणि दोन्ही मिळून बाहेर येतात. विकणारा म्हणेल, एक सील टाका, झालं. सील का गेलं ते मात्र तो सांगत नाही. कारणं बहुतेक दोनच असतात. एक, हाऊसिंगचा ब्रीदर, म्हणजे हवा जायची वाट, चिखलाने बंद झालेला असतो. गरम हाऊसिंगमधली हवा फुगते, वर जायला वाट नाही, मग ती ऑइलला सीलमधून ढकलते. दुसरं कारण, नकल ज्यांवर वळतो त्या वरखालच्या किंगपिन बेअरिंग सैल झालेल्या असतात. नकल हलतो, एक्सल सीलच्या मध्यावर राहत नाही, आणि ओठ एका बाजूने खाल्ला जातो. ही दोन्ही दुरुस्त न करता नुसतं सील टाकलं तर वर्षाच्या आत पुन्हा तोच रस्सा.

म्हणून हे काम करायचं तर पूर्ण करायचं. दोन्ही बाजू मिळून नवख्या माणसाला दोन दिवस धरा. एक्सलखाली स्टँड लावून चाक काढा, कॅलिपर सोडून तारेने वर टांगा, नळीवर लोंबकळत ठेवू नका. हबच्या स्टडवरचे नट काढल्यावर हब हलणार नाही, कारण प्रत्येक स्टडवर चिरलेली कोन वॉशर घट्ट बसलेली असते. तिथे पितळेचा ड्रिफ्ट लावून ठोका द्यायचा. स्टडला किंवा हबला दणके घालणारे स्टड वाकवून बसतात. कोन वॉशर ठोक्याने टुणकन बाहेर येते, ती गवतात शोधायची नसेल तर नट दोन आटे अडकवून ठेवा. आतले मोठे नट ५४ मिलिमीटरचे आहेत आणि त्यांना त्याच मापाचा गोटी पाना लागतो. छन्नी-हातोडीने फिरवलेले नट तुम्हाला गाडीवर हमखास दिसतील. तसे दिसले की आधीच्या मेकॅनिकने बाकी काम कसं केलं असेल याचा अंदाज येतो.

स्पिंडल हलक्या ठोक्यांनी सोडवा. मग बर्फिल्ड जॉइंटच्या (वळलेल्या चाकालाही फिरवणारा एक्सलच्या टोकाचा सांधा) दांड्याची सपाट बाजू वर येईल असं फिरवून एक्सल ओढा. नाहीतर तो नकलच्या कडेला अडतो आणि लोक उगाच जोर लावतात. किंगपिनच्या टोप्यांखालच्या शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) वरची, खालची, डावी, उजवी अशा वेगवेगळ्या पुड्यांत बांधून ठेवा. त्या एकत्र झाल्या की नकलचा मध्य हरवला. सगळं रॉकेलने धुवा, बेअरिंगच्या रेसवर बोट फिरवा. नखाला खाचा लागल्या तर रेससकट नवी बेअरिंग. बर्फिल्डच्या गोळ्या आणि पिंजरा बघा, पिंजऱ्याच्या खिडकीला बारीक चीर असेल तर तो जॉइंट गेलाच म्हणायचा. खोलण्याआधीच याची चाचणी होते: फोर-लो (चारही चाकांचा हळू गिअर) लावून, हब लॉक करून, स्टिअरिंग पूर्ण वळवून मोकळ्या मातीवर हळू फिरवा. ‘टक्‌ टक्‌’ ऐकू आलं की जॉइंट झिजला. इथे एक मत: झिजलेला पण न फुटलेला मूळ कंपनीचा जॉइंट स्वस्तातल्या नव्यापेक्षा बरा. नवा स्वस्त जॉइंट चकचकीत असतो एवढंच.

बसवताना नवं आतलं सील, मग किंगपिन बेअरिंग आणि टोप्या. स्टिअरिंग आर्मच्या स्टडवरचे नट ९६ न्यूटन-मीटरला. आता टायरॉडच्या (स्टिअरिंगच्या दांड्याच्या) भोकात स्प्रिंगचा काटा अडकवून नकल काटकोनात ओढा. नकल हलायला ३ ते ६ किलो लागले पाहिजेत. कमी लागले तर शिम काढा, जास्त लागले तर घाला. हे मोजमाप पुसणारं फेल्ट आणि रबरी सील बसवण्याआधी घ्यायचं, नाहीतर त्यांचं घर्षण मोजलं जातं आणि बेअरिंग सैलच राहते. नकलचा पोकळ गोळा मोलिब्डेनम घातलेल्या लिथियम ग्रीसने, एनएलजीआय २ या घट्टपणाच्या प्रतीच्या, पाऊण भरायचा. गच्च भरला तर ग्रीस गरम होऊन सील ढकलतं. चाकाच्या बेअरिंगचा नट आधी साधारण ६० न्यूटन-मीटरला ओढून हब दोन्हीकडे फिरवा, मग पूर्ण सोडून पुन्हा हाताने लावा आणि चाकाच्या स्टडवर काटा धरून २.८ ते ५.६ किलोंमध्ये आणा. त्यानंतर कुलूप वॉशर आणि बाहेरचा नट. ब्रीदरला लांब नळी जोडून ती इंजिनाच्या खोलीत वर न्या. आणि पाचशेएक किलोमीटर झाले की स्टिअरिंग आर्मचे नट पुन्हा टॉर्क रेंचने तपासाच. सैल झालेला आर्म स्टड कापतो, आणि तो कापला गेला की त्या बाजूचं चाक तुमचं ऐकत नाही.

इंडिपेंडंट सस्पेन्शनच्या गाडीत हे सगळं नाही. तिथे आयडलर आर्मचं (स्टिअरिंगचे दांडे दुसऱ्या बाजूने धरणाऱ्या आर्मचं) बुश बघा. चाकं जमिनीवर ठेवून स्टिअरिंग हलवलं आणि आयडलर वरखाली झुलला तर तो बदला. बॉल जॉइंट आणि एक्सलचे रबरी बूट बघा. टॉर्शन बार पिळून पुढची बाजू उंच केलेली असेल तर बूट फाटलेले आणि बॉल जॉइंट टोकाला ताणलेले सापडतील. पहिल्या दिवशीच ते पिळ सोडवा.

ब्रेक हा रस्त्यावर उतरण्याआधीचा भाग. मागच्या ड्रमच्या पाठीमागे हँडब्रेकची केबल ज्या छोट्या बेलक्रँकला (केबलची ओढ वळवणाऱ्या तरफेला) लागते, ती गंजून जाम होते. लोक म्हणतात हँडब्रेकच ना, बघू नंतर. पण या गाडीत मागचे लायनर हँडब्रेक ओढल्यावरच आपोआप सरकून ड्रमजवळ येतात. बेलक्रँक जाम म्हणजे लायनर झिजत जातात आणि ड्रमपासूनचं अंतर वाढत जातं. पेडल खोल जायला लागतं आणि मालक मास्टर सिलिंडर बदलत बसतो. दोन्ही बेलक्रँक सोडवा, पिन घासून ग्रीस लावा, रबरी टोपी नवी टाका, मग हाताने लायनर ड्रमला हलके घासेपर्यंत फिरवून दहा-पंधरा वेळा हँडब्रेक ओढा. पेडल जागेवर येतं. मागच्या एक्सलला जोडलेला जो दांडा वरच्या वाल्वकडे जातो, तो मागच्या वजनानुसार ब्रेकचा दाब कमीजास्त करतो. गाडी उंच केली की त्याला वाटतं हौदा रिकामा आहे आणि मागचे ब्रेक जवळजवळ बंद होतात. उंचीइतका दांड्याचा ब्रॅकेट वर घ्यावा लागतो. हवा काढताना त्या वाल्वला स्वतंत्र ब्लीडर आहे, तो विसरू नका.

आता बॉनेट उघडा. पेट्रोलमध्ये २२आर इंजिन आणि त्याची इंजेक्शनची बहीण २२आर-ई, दोन्ही २३६६ सीसी, आठ वाल्व. ताकदीचं नाव नको, टिकण्याची तक्रार नको. कॉम्प्रेशन नवं असताना १२ किलो प्रति चौरस सेंटिमीटर, १० च्या खाली गेलं किंवा दोन सिलिंडरमध्ये १ पेक्षा जास्त फरक आला तर कुठेतरी वाल्व किंवा रिंग किंवा हेडचं पॅकिंग. एकच दोष मोठा आणि तो टायमिंग चेनचा. आधीच्या इंजिनांत दुपदरी चेन होती, पुढे एकपदरी झाली आणि तिला टेकण देणारी प्लॅस्टिकची गाइड आली. चेनचा ताण ऑइलच्या दाबावर धरला जातो. थंड इंजिन सुरू होताना दाब यायच्या आत चेन सैल फडफडते आणि वर्षानुवर्षांनी म्हातारं झालेलं गाइड तुटतं, बहुतेकदा डाव्या बाजूचं. मग चेन थेट अॅल्युमिनियमच्या पुढच्या कव्हरवर घासते. कव्हरच्या त्या भिंतीपलीकडे कूलंट वाहतं. भिंत कापली गेली की कूलंट सम्पमध्ये (इंजिनाखालच्या ऑइलच्या तसराळ्यात), आणि बेअरिंग संपल्या.

म्हणून गाडी बघायला जाताना इंजिन पूर्ण थंड असू द्या. आधीच गरम करून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी या. सुरू होताना पुढून दोन-तीन सेकंद खरखर आली आणि थांबली, तर चेनचं काम लवकर करायचं आहे. खरखर थांबतच नसेल तर कव्हर कापलं जात आहे असं समजून भाव करा. वाल्व कव्हर काढू देत असतील तर टॉर्च चेनच्या खड्ड्यात मारा, गाइडचे तुकडे किंवा कव्हरवरच्या चमकत्या रेघा सरळ दिसतात. ऑइलची काडी दुधाळ असेल तर इंजिन खोलायचंच आहे.

चेन बदलताना लोखंडी पाठीची गाइड घ्या, प्लॅस्टिकची पुन्हा नको. आणि हेड काढायचं ठरलं तर एक बोल्ट ध्यानात ठेवा: कॅमच्या चाकापुढे, ऑइलच्या डबक्यात बुडालेला, हेडला पुढच्या कव्हरशी जोडणारा. तो दिसत नाही. हेडचे सगळे बोल्ट काढून माणूस पहार घालतो आणि कव्हरचा कान तुटतो. आधी कापडाने डबकं टिपून घ्या, बोल्ट समोर येतो. बसवताना क्रँक टीडीसीवर (पिस्टन अगदी वर) असताना कॅमची पिन वर, बाराच्या काट्याला. हेडचा पृष्ठभाग ०.१५ मिलिमीटरपेक्षा जास्त वाकलेला नको, बोल्ट तीन टप्प्यांत ७८ न्यूटन-मीटरला, आणि शेवटी गरम इंजिनावर टॅपेटची फट: इनटेक ०.२० मिलिमीटर, एक्झॉस्ट ०.३०. आवाज आवडत नाही म्हणून कमी ठेवू नका. थोडा टकटकाट असलेलं २२आर निरोगी असतं. गप्प बसलेल्याचे एक्झॉस्ट वाल्व जळतात.

२२आर-ई हेलकावे खात आयडल करत असेल तर सेन्सर बदलण्याआधी एअर मीटर आणि थ्रॉटलच्या मधला नालीदार रबरी पाइप वाकवून बघा. घडीत चीर असते. तिथून आत येणारी हवा मीटरने मोजलेली नसते, त्यामुळे मिश्रण पातळ होतं. अर्धे ‘इंजेक्शनचे बिघाड’ इथे निघतात.

तीन लिटरचं व्ही-सिक्स टाळा. हेडचं पॅकिंग जातं, मागून फिरणाऱ्या एक्झॉस्ट पाइपची उष्णता मागच्या सिलिंडरला भोवते, आणि पेट्रोल मात्र मनापासून पितं. डिझेलमध्ये २८०० सीसीचं ३एल घ्या. ते सावकाश चालतं, पण त्यात बिघडण्यासारखं फार काही नाही. त्याला चेन नाही, पट्टा आहे. तो कधी बदलला याचा पुरावा नसेल तर घरी नेण्याआधी बदला. टर्बोवाल्या जुन्या २४०० सीसी डिझेलची हेड तडकतात, त्यामुळे गरम झाल्यावर रेडिएटरचा वरचा पाइप दगडासारखा कडक होतो का ते दाबून बघा.

गिअरचा दांडा ताकातल्या रवीसारखा फिरत असेल तर घाबरू नका. दांड्याच्या तळाशी बसणारी प्लॅस्टिकची वाटी चुरा झालेली असते, वरूनच बदलते, अर्ध्या तासाचं काम. ट्रान्सफर केसच्या दांड्यालाही तशीच. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचं ऑइल बदलताना आधी भरायचा नट सोडवा, २४ मिलिमीटरचा, मगच खालचा. वरचा नट जाम निघाला आणि खालून ऑइल सोडून बसलात तर गाडी तिथेच उभी.

टायर मोठे घालायची खाज सगळ्यांना असते. ३१ इंचांपर्यंत ही गाडी सहन करते. ३३ घातले तर ४.१० गुणोत्तराच्या डिफरन्शियलला पाचवा गिअर शोभेपुरता उरतो, तेव्हा ४.८८ चा संच पुढे आणि मागे दोन्हीकडे घालावा लागतो. एकीकडेच घातला तर फोर बाय फोर लावताक्षणी दोन्ही एक्सल एकमेकांशी भांडतात. सुटे भाग मागवताना प्लेटवरचा कोड वाचण्याआधी आपल्या गाडीचं हाऊसिंग उघडून दात मोजा. एवढ्या वर्षांत कोणीतरी दुसऱ्या गाडीचं हाऊसिंग बसवलेलं असणं या गाडीत नवल नाही.